जॉर्जियन काळातल्या बायका हिवाळ्यात मैत्रिणींकडे जायच्या तरी कशा?

निशिगंधा_यॉर्क

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

यॉर्कमधला हा माझा चौथा हिवाळा. डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य गुडुप. साडेचारला वाटतं, खिचडी टाकावी आणि झोपावं. शनिवारी मैत्रिणीकडे जायचं ठरलेलं असतं, आणि दुपारी दोघींपैकी एकीचा मेसेज येतोच, "आज राहू दे का गं, फार गारठा आहे." वीस मिनिटांची बस, बसमध्ये हीटर, तरी ही रड.

इथे जुन्या असेंब्ली रूम्स आहेत, म्हणजे नाच-पत्ते-चहासाठी जमायची सार्वजनिक दालनं. लॉर्ड बर्लिंग्टनने आराखडा केलेली, १७३० च्या दशकातली इमारत. मागे पाहुण्यांना दाखवायला गेले होते. लांबलचक दालन, चारी बाजूंनी कोरिंथियन खांब, एकूण ४८. नाच बघत बसायची बाकं मुळात खांबांच्या मागे होती. मार्लबरोची डचेस सेरा हिने तेव्हाच नाक मुरडलं होतं की खांब इतके दाटीवाटीने उभे केलेत की फुगीर घागरा घातलेली बाई मधून जाणारच नाही. शेवटी १७५१ मध्ये बाकं खांबांच्या पुढे आणली. मी पाठीवरची सॅक न काढता दोन खांबांमधून जायचा प्रयत्न केला. डचेसबाईंचं म्हणणं पटलं.

तर प्रश्न दोन. एक, त्या काळात (१७१४ ते १८३०, चार जॉर्ज एकामागोमाग एक) इंग्लंडात भेटीगाठींचा मोसम ऐन हिवाळ्यात असायचा. बाथचा मोसम ऑक्टोबरपासून, लंडनचा संसदेच्या अधिवेशनाबरोबर. शहराबाहेर रस्त्यावर दिवे नाहीत, चिखल गुडघाभर. मग या बायका जायच्या कशा?

दोन, एवढी कार्डं, चहा, पत्ते, नाच... यात खरी मैत्री किती आणि उपचार किती?

मेतकूट

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: चंद्र.

इतिहासवेडा

मेतकूट यांना अनुमोदन, फक्त थोडं सविस्तर.

खेड्यापाड्यांतल्या आणि छोट्या गावांतल्या नाचांच्या तारखा पौर्णिमेच्या आसपास धरायचे. बग्गीचे दिवे म्हणजे काजवे. कोचमनला रस्त्याचा खड्डा दिसायचा तो चांदण्यात. बायकांच्या हातबटव्यात मावणारी छापील वार्षिकं मिळायची, त्यांत हिशेबाची पानं, भाड्याच्या गाड्यांचे दर आणि चंद्राच्या कलाही असायच्या. म्हणजे निमंत्रण आलं की आधी चंद्र बघायचा, मग कपाट उघडायचं. याचा उलटा त्रासही होता. चांदण्याचा आठवडा आला की सगळ्यांची सगळीकडे बोलावणी, आणि ऐन वेळी घरी जेवायला बोलवायला कोणी रिकामं सापडायचं नाही.

बायकाच नव्हे, पुरुषांचंही तेच. बर्मिंगहॅमच्या ज्या मंडळात जेम्स वॉट, इरॅस्मस डार्विन वगैरे विद्वान जमायचे, त्याचं नावच ल्युनर सोसायटी. पौर्णिमेच्या सुमारास जेवण, आणि मग चांदण्यात घरी.

टवाळ_कार्टं

म्हणजे ढग आले की मैत्री रद्द?

इतिहासवेडा

@टवाळ, ढग आले की यजमानांकडे मुक्काम. विनोद नाही, खरंच. आणि मला वाटतं दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या मुक्कामात आहे. नंतर लिहितो, ऑफिसात आहे.

पाटी_पेन्सिल

हिवाळाच का, हे राहिलंच की. उन्हाळ्यात वतनदार मंडळी आपापल्या इस्टेटीवर. शेतं, बागा, पाहुणे, प्रवास. पिकं निघाली, थंडी पडली, संसद बसायची वेळ झाली की पुरुष लंडनला, आणि त्यांच्यामागे बायका-मुली. ज्यांना लंडन परवडत नाही ते बाथ, यॉर्क, नाहीतर जवळचं तालुक्याचं गाव. सुखवस्तू माणसाला थंडीत कामच नसेल तर तो करणार काय? नाचणार.

वैदेही_बाथ

धागा माझ्या गावाचा आहे म्हटल्यावर राहवेना.

इथे आमचा एक हौशी गट आहे, जुने नाच जुन्या कपड्यांत करतो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी पहिल्यांदा पूर्ण पोशाख केला. आत सुती शेमीज, त्यावर कमरेला लोकरीचा परकर, त्यावर पातळ मलमलचा पांढरा झगा. मलमल म्हणजे आपल्याकडून गेलेलीच चीज, ढाक्याची सगळ्यात तलम. मी म्हटलं, मेले आता. पण गंमत ऐका. नाच सुरू झाल्यावर दहा मिनिटांत घाम. त्रास होतो तो थांबल्यावर. शेकोटीसमोर बसलं की तोंड भाजतं आणि पाठीवर बर्फ. तेव्हाच्या दिवाणखान्यांत खांबावर लावलेले छोटे पडदे असायचे, तोंडापुढे सरकवायला, ते का याचा उलगडा तेव्हा झाला. पाठीला मात्र शालच.

आणि पॅटन्स! बुटाखाली बांधायच्या लाकडी खडावा, त्यांना खाली लोखंडी कडं. चिखलातून दोन बोटं वर चालता येतं. दगडी फरसबंदीवर जो काय खणखणाट होतो! आम्ही चौघी चाललो होतो तर शेजारच्या घरातले आजोबा खिडकी उघडून बघायला लागले, घोडा सुटला की काय म्हणून.

श्रीमंत बायका बाथच्या चढांवर चालायच्याच नाहीत म्हणा. खुर्चीची पालखी. दोन भोई, दारातून उचलायचे ते थेट असेंब्ली रूम्सच्या आत आणून ठेवायचे. इथल्या वरच्या रूम्स १७७१ मध्ये उघडल्या. नाचघरातली पाच झुंबरं अजून तीच आहेत. त्यात तेव्हा मेणबत्त्या लावायला किती जीव काढावा लागत असेल, हे खालून बघितलं की मान दुखेपर्यंत कळतं.

सुलभाताई

किती सुंदर लिहिलंस गं वैदेही. मला तर हे सगळं आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवासारखंच वाटलं. थंडीचे दिवस, नटूनथटून बायका एकमेकींकडे, थोडं खाणं, थोडं उखाळ्यापाखाळ्या :)

आजोबा_दादरकर

सुलभाताई, राग मानू नका, पण जगातली प्रत्येक गोष्ट हळदीकुंकवासारखी नसते. हळदीकुंकवाला अख्खी आळी येते. यांच्याकडे कोणी कोणाला आधी भेटायचं, कोणी भेट परत करायची, याचा शेअरबाजारासारखा हिशेब. 'मॉर्निंग कॉल' म्हणायचे आणि यायचे दुपारी, कारण जेवणापर्यंतचा सगळा वेळ म्हणजे मॉर्निंग. पंधरा-वीस मिनिटं टेकायचं, हवापाणी बोलायचं, उठायचं. बाई घरात असून "घरी नाहीत" सांगायला नोकर. दारात कार्ड ठेवलं की भेट झाली असं धरून चालायचं. याला तुम्ही मैत्री म्हणणार?

माझं मत साफ आहे: उपचार ९०, मैत्री १०.

सुलभाताई

@आजोबा, घरात असून नाही म्हणणारे दादरलाही पाहिलेत मी. बेल वाजते, आतला टीव्ही बंद होतो, दार उघडत नाही.

टवाळ_कार्टं

आजोबा बोल्ड! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आडगाव_बुद्रुक

धागा छान चाललाय, पण एक खडा टाकतो.

शेकोटी शेकोटी म्हणताय, ती पेटवायची कोण? पहाटे अंधारात उठून कालची राख काढणारी, कोळसा जिने चढून वर नेणारी, जाळी घासणारी पोरगी. तिचं वय बारा-चौदा. तिच्या मैत्रिणींबद्दल कोणी लिहून ठेवलं नाही. नाचाच्या रात्री मालकीणबाई आत, आणि कोचमन बाहेर घोडे धरून उभा, रात्रभर. त्याला चंद्र दिसत होता एवढंच. आणि चहात साखर कुठली? वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या मळ्यांतली. 'जेंटील', म्हणजे कुलीन-सभ्य, या शब्दाचं भाडं दुसरंच कोणीतरी भरत होतं.

मेतकूट

+१. हे कोणीतरी म्हणायलाच हवं होतं.

इतिहासवेडा

आडगाव यांचा खडा अगदी बरोबर ठिकाणी पडलाय. पण साखरेची गोष्ट तिथे संपत नाही, आणि पुढे ती नेमकी याच चहाच्या टेबलावर येते.

१७९१ मध्ये संसदेने गुलामांचा व्यापार थांबवायचा ठराव फेटाळला. त्यानंतर हजारो घरांनी वेस्ट इंडीजची साखर घेणं बंद केलं. मतदानाचा हक्क बायकांना नव्हता, पण घरात काय आणायचं हे त्या ठरवत. चहाच्या पेटीची किल्ली तर कमरेलाच, कारण १७८४ पर्यंत चहावर ११९ टक्के कर होता. त्या वर्षी तो साडेबारा टक्क्यांवर आला आणि चहा मध्यमवर्गात धो धो वाहू लागला. म्हणून साखर नाकारणं चारचौघींत दिसायचं. "साखर किती?" "नको, आम्ही सोडली." झालं, विषय निघालाच.

पुढे १८२५ मध्ये बर्मिंगहॅमच्या बायकांनी गुलामीविरोधी मंडळ काढलं. त्यांनी काय केलं, तर शिवणकामाच्या पिशव्या शिवल्या. ज्या पिशवीतून बाई भरतकाम घेऊन मैत्रिणीकडे जायची तीच पिशवी. आत पत्रकं भरून विकल्या. आता ज्या घरात पुरुष चळवळ्याला दारात उभं केलं नसतं, तिथे ही पिशवी थेट दिवाणखान्यात जाऊन बसायची.

शेकोटी पेटवणाऱ्या पोरीचं दुःख याने कमी होत नाही, मान्य.

आडगाव_बुद्रुक

पिशवीचं माहीत नव्हतं. आवडलं. पोरीवर मी ठाम.

खडीसाखर

मी जरा हलकं घेऊ का?

नाताळच्या बारा दिवसांत, २५ डिसेंबर ते ६ जानेवारी, ही शिष्ट माणसं कसले कसले खेळ खेळायची! जळत्या ब्रँडीतून बेदाणे उचलून तोंडात टाकायचे, दिवे मालवून. बाराव्या रात्रीच्या केकबरोबर चिठ्ठ्या काढायच्या, ज्याला जे पात्र येईल त्याने रात्रभर तसं वागायचं.

आणि बुलेट पुडिंग. कादंबरीकार जेन ऑस्टिनची भाची फॅनी हिने १८०४ मध्ये एका मैत्रिणीला पत्रात समजावून सांगितलंय. थाळीत मैद्याचा उंच डोंगर, टोकावर बंदुकीची गोळी. प्रत्येकाने सुरीने थोडा थोडा डोंगर कापायचा. ज्याच्या हातून गोळी घसरून आत पडेल त्याने ती तोंडाने शोधून काढायची, हात मागे. नाकाने, हनुवटीने मैदा उकरायचा. आणि हसायचं नाही, कारण हसलात की मैदा नाकात.

आम्ही घरी केलं. गोळीऐवजी पेपरमिंट. जाऊबाई हरल्या. त्यांचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेला आणि दोन आठवडे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मैदा मात्र चाळून शंकरपाळ्यांना वापरला.

टवाळ_कार्टं

चाळून?? जाऊबाईंचं नाक लागलेला मैदा??

खडीसाखर

तळला ना बाबा. हलके घ्या.

नवखा_वाचक

सात वर्षं वाचनमात्र होतो, पहिला प्रतिसाद. ख्रिसमस कार्डं पण याच काळातली ना? बायका एकमेकींना पाठवायच्या तशी?

इतिहासवेडा

स्वागत! नाही, छापील ख्रिसमस कार्ड १८४३ चं, म्हणजे व्हिक्टोरियाच्या अमलातलं. ख्रिसमसच्या झाडाचं मात्र थोडं आधीचं आहे. राणी शार्लटने १८०० मध्ये विंडसरला मुलांसाठी सजवलेलं झाड उभं केलं होतं. ती जर्मन, तिच्या माहेरची रीत. पण घरोघरी गेलं ते नंतर.

अनुस्वार

जाता जाता, वैदेही यांनी शालीचा उल्लेख केला. काश्मिरी शाल ही तेव्हा इंग्लंडात मिरवायची वस्तू होती. ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला असलेला दीर-भाऊ-मामा आणून द्यायचा. ज्यांचा मामा कंपनीत नव्हता त्यांच्यासाठी नॉर्विच, एडिंबरा, पेझली इथे नकला विणायला लागले. आपल्या कोयरीला अख्ख्या जगात पेझली म्हणतात ते त्यावरून. चीड येते.

आजोबा_दादरकर

शालीचं काश्मीर ठीक आहे, धाग्याचं काश्मीर करू नका.

कंपनीवरून आठवलं. मारिया ग्रॅहम नावाची बाई १८०९ मध्ये मुंबईत आली होती, कार्ले-पुणेही बघून गेली. १८१२ मध्ये तिचं प्रवासवर्णन छापलं. मुंबईतल्या इंग्रज बायकांबद्दल तिने जे लिहिलंय ते वाचा. कपडे भारी, बोलणं शून्य. म्हणजे माझं ९०-१० चं गणित तिथल्याच एका हुशार बाईला मान्य होतं असं समजा.

वैदेही_बाथ

आजोबा, तिला *त्या* बायका आवडल्या नाहीत, याचा अर्थ तिला चांगली संगत म्हणजे काय हे ठाऊक होतं असा होत नाही का? नसलेल्या गोष्टीची उणीव कशी भासेल?

आजोबा_दादरकर

हम्म. जेवून येतो.

निशिगंधा_यॉर्क

सगळ्यांचे आभार, पण माझ्या दुसऱ्या प्रश्नाला अजून आजोबांशिवाय कोणी हात घातला नाही. इतिहासवेडा, तुमचं ऑफिस सुटलं का?

कुंदकळी

मी प्रयत्न करते. लांब होईल.

लंडनच्या 'ब्लूस्टॉकिंग' बायका सगळ्यांनी ऐकल्या असतील. एलिझाबेथ मॉन्टेग्यू, एलिझाबेथ व्हेसी, फ्रान्सिस बॉस्कावेन. हिवाळ्यात यांच्या घरी बैठका व्हायच्या. पत्ते नाहीत, दारू नाही. चहा, लिंबाचं सरबत आणि बोलणं. पत्ते नाहीत ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती! बाकी घरांत संध्याकाळ झाली की हिरव्या टेबलावर जुगार, आणि त्यात बायकाही कर्जबाजारी होत. मॉन्टेग्यूबाई पाहुण्यांना अर्धवर्तुळात बसवायच्या, स्वतः मध्ये. व्हेसीबाईंना ते मंजूर नव्हतं. त्या मुद्दाम खुर्च्या अस्ताव्यस्त टाकायच्या, तिघं इकडे, चौघं तिकडे, काहींची एकमेकांकडे पाठ, म्हणजे कोणाला भाषण ठोकता येणार नाही. मला व्हेसीबाई जास्त आवडतात. नाव निळ्या मोज्यांचं, तेही एका पुरुषाच्या: स्टिलिंगफ्लीट नावाचे गृहस्थ रेशमी मोजे सोडून साधे निळे लोकरी घालून यायचे.

पण मला सांगायचंय ते एलिझाबेथ कार्टरबद्दल. केंटमधल्या डील या बंदरगावची, धर्मोपदेशकाची मुलगी. लग्न केलं नाही. ग्रीक, लॅटिन, हिब्रू, पुढे अरबीसुद्धा. अभ्यास करताना झोप येऊ नये म्हणून तपकीर ओढायची, हिरव्या चहाची पानं चघळायची, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळायची. तिची जिवलग कॅथरीन टॅलबॉट. टॅलबॉट तिच्या मागे लागली की एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाचं इंग्रजी भाषांतर कर. कार्टर थोडं थोडं करून तिला पाठवायची, ही वाचून परत पाठवायची, "इथे भाषा फार गुळगुळीत झालीय, मूळचा खरखरीतपणा ठेव" अशा धर्तीच्या सूचनांसह. सुरुवात १७४९, पुस्तक १७५८. वर्गणीदारांच्या जोरावर जवळजवळ हजार पौंड मिळाले. त्या काळात एका अविवाहित बाईला तेवढ्यावर स्वतःचं घर घेता आलं.

मग तिचा क्रम काय? उन्हाळा डीलला वडिलांबरोबर, हिवाळा लंडनला क्लार्जेस स्ट्रीटवर भाड्याच्या खोलीत. दरवर्षी. त्या खोलीत स्वयंपाक जवळपास नाहीच, कारण रोज संध्याकाळी कोणत्या तरी मैत्रिणीची बग्गी न्यायला यायची आणि रात्री आणून सोडायची. पुढे मॉन्टेग्यूबाई विधवा झाल्या, सगळी इस्टेट हातात आली, तेव्हा त्यांनी कार्टरला वर्षाला १०० पौंड लावून दिले. आजोबा, हे ९० मध्ये धरायचं की १० मध्ये?

आजोबा_दादरकर

जेवून आलो. १० मध्ये. पण आता १० चे २० करतो.

मेतकूट

आजोबांकडून दहा टक्के सुटले, धागा सार्थकी लागला.

पाटी_पेन्सिल

कुंदकळी, जबरदस्त. यात मेरी डेलनीही घ्या. दुसऱ्यांदा वैधव्य आलं आणि मग वर्षाचा बराच भाग ती मैत्रिणीकडे, पोर्टलंडच्या डचेसकडे बुलस्ट्रोडला राहायची. १७७२ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, तिला दिसलं की टेबलावरचा लाल कागद आणि जिरेनियमची पाकळी यांचा रंग एकच आहे. तिने कात्री घेतली, पाकळ्या कापून काळ्या कागदावर चिकटवल्या. डचेस खोलीत आली आणि म्हणे तिला खरं फूलच वाटलं. पुढच्या दहा वर्षांत डोळे जाईपर्यंत अशी ९८५ फुलं. आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मी एक पाहिलंय, पुंकेसरसुद्धा कागदाचे, केसाएवढे.

सुलभाताई

७२ व्या वर्षी! मी उद्याच कात्री शोधते.

वैदेही_बाथ

श्रीमंतांचं ठीक आहे, बग्गी पाठवतील. पण जेन ऑस्टिनच्या घरचं बघा. वडील गावचे पाद्री. कशीबशी बग्गी घेतली आणि १७९८ मध्ये खर्च झेपेना म्हणून मोडली. मग बेझिंगस्टोकच्या नाचाला जायचं तर कोणी नेईल तेव्हा. "तुझ्याकडे एक जागा आहे का?" हा तेव्हाही मैत्रीचा पहिला प्रश्न होता.

आणि पत्रं. टपालाचा खर्च पत्र घेणाऱ्यावर, तोही कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर. दोन कागद, दुप्पट पैसे. म्हणून एकच कागद काठोकाठ भरायचा, मग तो आडवा फिरवून आधीच्या ओळींवरूनच पुन्हा लिहायचं. मी मूळ पत्राची प्रतिकृती वाचायचा प्रयत्न केलाय, दहा मिनिटांत डोळे पाण्याने भरतात. बहीण कॅसॅन्ड्राला लिहिलेल्या हिवाळ्यातल्या पत्रांत काय आहे? कोण नाचलं, कोणाची मान जाड झाली, कोणाची टोपी कशी. १७९८ च्या नाताळच्या सुमारास ती लिहिते की वीस नाच झाले आणि वीसही नाचले. दोन वर्षांनी लिहिते, काल रात्री वाइन जरा जास्तच झाली, हात थरथरतोय. असं आपण कोणाला लिहितो? शेजारणीला नाही.

कॅसॅन्ड्राने पुढे बरीचशी पत्रं जाळली. जवळपास १६० उरली. जी जाळली त्यांत काय असेल याचा विचार करत मी कितीदा बस चुकवलीय.

अनुस्वार

मार्था लॉइड विसरू नका! जेनची मैत्रीण, आई गेल्यावर ऑस्टिन बायकांबरोबरच राहायला आली. साउथॅम्प्टन, मग १८०९ पासून चॉटन. चार बायका एका छपराखाली. तिची पाककृतींची हस्तलिखित वही अजून जपलेली आहे, आणि तीत 'हिंदुस्थानी पद्धतीची' करी आणि करीचा मसाला आहे, हळद घालून. हॅम्पशायरच्या थंडीत रस्सा.

इतिहासवेडा

आता माझी पाळी, वचन दिलं होतं. मुक्काम.

बेझिंगस्टोकहून रात्री स्टीव्हेंटनला, जेनच्या गावी, परतणं अवघड. म्हणून जेन नाचानंतर बरेचदा मॅनिडाउनला राहायची. तिथे बिग घराण्यातल्या बहिणी, एलिझाबेथ, कॅथरीन आणि अलेथिया. नाच संपल्यावर त्याच बग्गीतून घरी, शेकोटीपाशी केस सोडून, एका पलंगावर दोघी-तिघी, आणि नाचात जे बोलता आलं नाही ते सगळं तिथे. आजोबांची कार्डं आणि वीस मिनिटं ही दुपारची गोष्ट. मैत्री रात्री अकरानंतर व्हायची आणि त्याला कारण खराब रस्ते.

१८०२ च्या डिसेंबरात जेन आणि कॅसॅन्ड्रा तिथे राहायला गेल्या असताना या बहिणींच्या धाकट्या भावाने, हॅरिसने, जेनला मागणी घातली. २ डिसेंबरच्या संध्याकाळी ती हो म्हणाली. मोठं घर, इस्टेट, आईवडिलांची म्हातारपणाची सोय, मैत्रिणी नणंदा होणार. सगळे खूश. रात्रभर जागली असावी. सकाळी उठून नाही म्हणाली. त्यानंतर त्या घरात थांबणं शक्यच नव्हतं, बहिणी बग्गीतून तिला स्टीव्हेंटनला सोडायला आल्या, आणि दुसऱ्याच दिवशी ती बाथला, तेव्हाच्या आपल्या घरी, निघून गेली.

आता विचार करा. भावाला होकार देऊन दुसऱ्या दिवशी मोडलेली मुलगी. इंग्लंड राहू द्या, कुठल्याही गावात हे संबंध कायमचे तुटतात. तुटले नाहीत. पत्रं चालू राहिली, येणंजाणं चालू राहिलं. १८१७ मध्ये जेन आजारी पडली, विंचेस्टरच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं, तेव्हा कॉलेज स्ट्रीटवरची खोली बघून ठरवली ती एलिझाबेथने. तोवर ती विधवा होऊन विंचेस्टरलाच राहत होती. शेवटचे दोन महिने ती तिथे येत-जात होती. जुलैत जेन गेली.

कुंदकळी

हे मला माहीत होतं, तरी वाचताना घसा दाटला.

आडगाव_बुद्रुक

मानलं. आणि एक, मीच शोधलं, सांगून टाकतो: अ‍ॅन शार्प म्हणून एक गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी बाई होती, जेनच्या भावाकडे पगारावर. तिच्याशीही जेनची शेवटपर्यंत मैत्री. १८१५ च्या डिसेंबरात नवी कादंबरी आली तेव्हा लेखिकेला मिळालेल्या डझनभर भेटप्रतींतली एक या बाईला पाठवली. बाकीच्या बहुतेक घरच्यांना, एक राजघराण्याला. पगारी बाईला एक, हे मला पुरेसं आहे. कोळशाच्या पोरीबद्दल मात्र अजून कोणी काही सांगितलं नाही, लक्षात ठेवा.

सुलभाताई

आजोबा, आता किती?

आजोबा_दादरकर

५०-५०. याच्या पुढे सरकणार नाही. आणि सुलभाताई, तो टीव्ही आमच्या घरातला नव्हता.

सुलभाताई

मी कुठे म्हटलं तुमच्या घरातला म्हणून? :)

निशिगंधा_यॉर्क

आत्ता सगळे प्रतिसाद सलग वाचले. इतिहासवेडा, मॅनिडाउनबद्दल काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे बाहेर बर्फमिश्रित पाऊस आहे, चंद्राचा पत्ता नाही. दुपारी मैत्रिणीचा मेसेज आलाच, "आज राहू दे का गं?" मी लिहिलं, "येतेय. रात्री राहतेय. गादी टाक." पाच मिनिटं काहीच नाही. मग आलं, "ये. पिठलं करते."

बस सहा वाजून दहाची आहे.

खडीसाखर

मैदा ने.

टवाळ_कार्टं

चाळलेला नको.